त्वचेखालची गाठ : वाट कोणती, जमीन कोणती?

रक्ताभिसरणाचा पाठ शिकवताना आपण फळ्यावर हृदय काढतो, लाल खडूने रोहिण्या आणि निळ्या खडूने नीला दाखवतो. याच आकृतीच्या आधारे वैद्यकातल्या एका कोड्याचा विचार करता येतो.

मोठ्या आतड्याचा शेवटचा, सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचा भाग म्हणजे गुदाशय. तेथील कर्करोग पसरला तर तो बहुधा जवळच्या लसिका ग्रंथींत, यकृतात किंवा फुप्फुसांत सापडतो. पण क्वचित एखाद्या रुग्णाच्या पोटावर, पाठीवर किंवा डोक्यावर त्वचेखाली टणक गाठ येते आणि तपासणीत ती गुदाशयातून आलेल्या पेशींची निघते. असे का व्हावे? आणि असे इतके क्वचितच का व्हावे?

प्रथम एक गैरसमज दूर करू. अशी गाठ पाठीवर असली तरी तिला त्वचेचा कर्करोग म्हणत नाहीत. तिच्यातील पेशी गुदाशयाच्याच असतात. त्यांनी फक्त बिऱ्हाड बदललेले असते. अशा गाठीला दुय्यम गाठ म्हणतात.

प्रवासाच्या वाटा

आता आकृतीकडे वळू. गुदाशयाच्या वरच्या भागातले रक्त यकृताकडे जाणाऱ्या प्रतिहारी नीलेला मिळते. खालच्या भागातले रक्त मात्र ओटीपोटातील नीलांमधून अधोमहानीलेत, तेथून हृदयात आणि मग थेट फुप्फुसात जाते. कर्कपेशी मूळ गाठीपासून सुटून रक्तात शिरल्या, तर त्यांना लागणारी पहिली बारीक चाळणी एका वाटेवर यकृताची, तर दुसऱ्या वाटेवर फुप्फुसाची असते. फुप्फुसातल्या केशवाहिन्या जेमतेम ५ ते १० मायक्रोमीटर रुंदीच्या असतात. बहुतेक कर्कपेशी तेथे अडकतात किंवा नष्ट होतात. ज्या निसटतात, त्या हृदयाच्या डाव्या बाजूला येऊन रोहिण्यांमार्फत शरीरात कोठेही, म्हणजे त्वचेखालीही, पोहोचू शकतात.

आणखीही वाटा आहेत. पाठीच्या कण्याभोवतीच्या नीलांच्या जाळ्यात झडपा नसतात. त्यामुळे खोकताना किंवा कुंथताना तेथील रक्त उलट दिशेनेही सरकू शकते. ऑस्कर बॅटसन यांनी १९४० मध्ये या वाटेकडे लक्ष वेधले. शस्त्रक्रियेच्या वेळी सुटलेल्या पेशी जखमेच्या व्रणात रुजल्याचीही उदाहरणे आहेत.

पोटातल्या कर्करोगाची दुय्यम गाठ कधी बेंबीत दिसते. अमेरिकेत रॉचेस्टर येथे डॉ. विल्यम मेयो यांना शस्त्रक्रियेत साहाय्य करणाऱ्या सिस्टर मेरी जोसेफ यांच्या लक्षात आले, की काही रुग्णांच्या बेंबीत टणक गाठ लागते आणि पोट उघडल्यावर आत कर्करोग पसरलेला आढळतो. मेयो यांनी १९२८ मध्ये याविषयी लिहिले. १९४९ मध्ये हॅमिल्टन बेली यांनी त्या गाठीला या परिचारिकेचे नाव दिले.

जमिनीचा गुण

केवळ वाट मोकळी असून भागत नाही. स्नायूंना भरपूर रक्तपुरवठा असतो, तरीही त्यांत दुय्यम गाठी फार कमी आढळतात. इंग्लंडमधील शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. काही अवयवांत दुय्यम गाठी वारंवार होत्या, काहींत क्वचित. वाऱ्यावर बी सगळीकडे उडते, पण मानवेल त्याच जमिनीत रुजते, अशी उपमा त्यांनी वापरली.

या उपमेची परीक्षा प्रयोगातूनही झाली. हार्ट आणि फिडलर यांनी १९८० मध्ये उंदरांच्या स्नायूत फुप्फुसाचे, अंडाशयाचे आणि मूत्रपिंडाचे तुकडे लावले आणि रक्तात एका विशिष्ट कर्करोगाच्या पेशी सोडल्या. त्या पेशी फुप्फुसाच्या व अंडाशयाच्या तुकड्यांत वाढल्या, मूत्रपिंडाच्या तुकड्यांत वाढल्या नाहीत. रक्तप्रवाह सर्वांना मिळाला होता. फरक जमिनीचा होता. त्वचेखालची चरबी आणि मऊ ऊती ही गुदाशयाच्या पेशींना बहुधा न मानवणारी जमीन असावी. म्हणूनच तेथे रुजणाऱ्या गाठी विरळा.

मग ओळख कशी पटते?

गाठीचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. चरबीच्या जागी आतड्यासारख्या ग्रंथींची रचना दिसली, की संशय बळावतो. पुढे विशेष रंजनाने पेशींतली प्रथिने तपासतात. सायटोकेराटिन २० आणि सीडीएक्स२ ही प्रथिने आढळली आणि सायटोकेराटिन ७ नसले, तर मूळ बहुधा मोठ्या आतड्यात असते. परगावी गेलेला माणूस बोलीवरून ओळखू यावा, तसेच हे.

ही ओळख महत्त्वाची, कारण उपचार त्यावर ठरतात. अशी गाठ रोग दूरवर पसरल्याची खूण असते. नुसती ती कापून काम संपत नाही. संपूर्ण शरीराची तपासणी आणि सर्वांगावर परिणाम करणारी औषधे यांचा विचार करावा लागतो.

घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. त्वचेखालच्या बहुसंख्य गाठी चरबीच्या आणि निरुपद्रवी असतात. पण नवी, टणक, वाढत जाणारी गाठ डॉक्टरांना दाखवावी. पूर्वी कर्करोग झाला असल्यास तर दिरंगाई करूच नये.

खरा वेळ वाया जातो तो याच्याही आधी. शौचावाटे रक्त पडले, की ‘मूळव्याध असेल’ म्हणून आपण महिनोन् महिने घरगुती उपाय करतो. संकोच आड येतो. वास्तविक गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ डॉक्टरांच्या बोटालाही लागू शकते; त्या तपासणीला दोन मिनिटे पुरतात. रोग गुदाशयापुरताच असताना सापडला तर बरे होण्याची शक्यता पुष्कळ असते.

पुढच्या वेळी ही आकृती फळ्यावर काढाल, तेव्हा मुलांना विचारून पाहा : गुदाशयातून निघालेली पेशी पाठीवर पोहोचायला हृदयातून किती वेळा जाईल? उत्तर शोधताना पचनसंस्था आणि रक्ताभिसरण हे दोन्ही पाठ एकत्र येतील. आणि गुदाशय हा शब्द वर्गात न लाजता उच्चारला गेला, तर एखाद्या घरात वेळेवर डॉक्टरांकडे जाण्याचा निर्णयही होईल.