नकाशात असलेलं, समुद्रात नसलेलं बेट

‘आता उपग्रह आहेत, नकाशे कशाला चुकतील?’ हा गैरसमज भल्याभल्यांचा असतो. उपग्रह फोटो देतो, नकाशा देत नाही. फोटोतली पांढरी रेघ पायवाट आहे की कोरडा ओढा, वाडीचं नाव काय, हद्द कुठून जाते, हे कुणाला तरी जागेवर जाऊन विचारावं लागतं. नाहीतर जुन्या नकाशावरून उतरवून घ्यावं लागतं. उतरवताना मग जुनी चूकही निमूट सोबत येते.

सँडी बेटाचंच पाहा. १८७६ मध्ये ‘व्हेलॉसिटी’ या देवमाशांच्या शिकारी जहाजाने न्यू कॅलेडोनियाच्या पश्चिमेला फुटत्या लाटा आणि वाळूची बेटं दिसल्याचं कळवलं. पुढे ब्रिटिश आरमाराच्या नकाशावर बेट उमटलं. फ्रेंचांनी १९७०च्या दशकात ते खोडलंही. पण जुन्या कागदी नकाशांवरचे किनारे संगणकात भरले गेले, तेव्हा बेटही आत शिरलं आणि थेट गूगलच्या नकाशावर पोचलं. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाचं संशोधन जहाज तिथे गेलं, तर खाली हजार मीटरहून खोल पाणी! खलाशी खोटारडे नसावेत. ज्वालामुखीतून निघालेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या सच्छिद्र दगडांचा थर त्यांनी पाहिला असावा, असा संशोधकांचा अंदाज आहे.

चूक म्हणजे हलगर्जीपणा, हेही खरं नाही. १:५०,०००च्या टोपोशीटवर, म्हणजे सर्वेक्षणाच्या सविस्तर नकाशावर, अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर २५ मीटर. घाटात रस्ता, रेल्वे आणि ओढा शेजारी-शेजारी असले की रेघा एकमेकींवर चढतात. म्हणून त्या मुद्दाम सरकवून काढतात. नकाशाकार मर्केटरच्या १५६९च्या पद्धतीत ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या जवळपास चौदा पट. पण तो नकाशा दिशा धरून जाणाऱ्या खलाशांसाठी होता. वर्गाच्या भिंतीवर तो लावला आपण.

ट्रेकर मंडळींना नडतो तो डेटम, म्हणजे नकाशासाठी धरलेला पृथ्वीचा आकार. आपल्या जुन्या टोपोशीट पृथ्वीचा जो आकार धरून काढल्या, तो जीपीएसने धरलेल्या आकाराशी जुळत नाही. शीटवरचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे जीपीएसमध्ये भरले, तर सह्याद्रीत जागा शंभर मीटरहून जास्त सरकते. पठारावर हे खपून जाईल. कोकणकड्यावर तीच जागा हवेत निघू शकते. म्हणून आकडे भरण्याआधी यंत्रातला डेटम बदलून घ्यायचा.