तीन दिवसांचा उशीर

मेलबर्न येथील वैद्यकीय संशोधकांनी मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगाची आपल्याकडे जेवढी चर्चा व्हावयास हवी होती तेवढी झाली नाही. कारण उघड आहे. विषय स्त्रियांच्या अंगावरून जाण्याचा, आणि निष्कर्ष पुरुषांना अडचणीत टाकणारा.

बॅक्टेरिअल व्हजायनोसिस ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात योनिमार्गातील हितकारक जंतू मागे हटतात, दुसरे जंतू माजतात आणि पातळ, दुर्गंधीयुक्त स्राव सुरू होतो. मेट्रोनिडाझोलच्या सात दिवसांच्या गोळ्यांनी तो थांबतो. पण थांबून राहात नाही. उपचार घेतलेल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत वर्षभराच्या आत तो उलटतो, असे मेलबर्नच्याच संशोधकांनी २००६ साली दाखवून दिले होते. आता त्यांनी १६४ जोडपी घेतली. एका गटात केवळ स्त्रीला औषध दिले; दुसऱ्या गटात तिच्या जोडीदारालाही सात दिवस मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणि क्लिंडामायसिनचे मलम दिले. बारा आठवड्यांत पहिल्या गटातील ६३ टक्के स्त्रियांना विकार पुन्हा जडला, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण ३५ टक्के राहिले. फरक एवढा स्पष्ट होता की देखरेख करणाऱ्या मंडळाने प्रयोग मुदतीपूर्वीच थांबविला.

आजवर आमच्या घरांतून ह्या दुखण्याचा सारा दोष स्त्रीच्या देहावर टाकला जात आला. ‘अंगात उष्णता फार’, ‘तिची प्रकृतीच तशी’ असे म्हणून सासूने काढे द्यावेत, नवऱ्याने कानाडोळा करावा आणि तिने कंबर धरून पाणी भरावे, हा प्रघात. नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतील असे डॉक्टरने म्हटले, तर तो त्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढेल काय, हा प्रश्न मेलबर्नपेक्षा आमच्याकडे अधिक अवघड आहे.

परंतु हा विकार त्रासदायक असला तरी त्याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. परमा किंवा क्लॅमिडिया ह्यांचे जंतू, आणि त्यांच्या मागोमाग योनिमार्गातील इतर जंतूही, गर्भाशयाच्या तोंडातून वर चढतात. बाळंतपणात अथवा गर्भपाताच्या वेळी हयगय झाली तरीही त्यांना वाट मिळते. गर्भाशयाला आणि बीजवाहिन्यांना सूज येते. ह्यालाच ओटीपोटातील दाह म्हणतात. कधी ताप, कधी असह्य दुखणे. पुष्कळदा नुसतेच दडपल्यासारखे वाटणे, जे बाई थकव्याच्या खाती जमा करून मोकळी होते. आत मात्र दोऱ्यासारख्या नाजूक त्या नळ्या चिकटतात आणि बुजतात. वर्षा-दोन वर्षांनी मूल होत नाही म्हणून नवस सुरू होतात, तेव्हा ह्या जुन्या दुखण्याची कोणाला आठवणही नसते.

स्वीडनमधील लुंड येथे डॉ. लार्स वेस्ट्रॉम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० ते १९८४ ह्या काळात पोटात दुर्बीण घालून दाहाची खात्री करून घेतलेल्या १,८४४ स्त्रियांचा मागोवा घेतला. १९९२ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे आकडे आजही प्रमाण मानले जातात. एकदा दाह झालेल्यांपैकी ८ टक्के स्त्रियांना नळ्या बुजल्यामुळे वंध्यत्व आले. दोनदा झालेल्यांपैकी १९.५ टक्क्यांना, तीन किंवा अधिक वेळा झालेल्यांपैकी ४० टक्क्यांना. त्याच लुंडच्या नोंदींवरून १९९३ साली दुसरी एक गोष्ट उजेडात आली, आणि ती आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. दुखू लागल्यापासून तीन दिवसांच्या आत ज्या उपचारासाठी आल्या त्यांच्यापैकी ८.३ टक्के स्त्रियांच्या गर्भधारणेत पुढे बाधा आली. ज्यांनी तीन दिवस वा अधिक काळ घालविला त्यांच्यात हे प्रमाण १९.७ टक्के होते. तीन दिवस! आमच्याकडे तीन दिवसांत ही गोष्ट शेजारणीच्या कानावरही जात नाही.

औषधे कोणती द्यावीत हा वाद आता बराचसा मिटला आहे. पिट्सबर्गच्या डॉ. रॉबर्टा नेस ह्यांनी अमेरिकेतील ८३१ स्त्रियांवर केलेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निम्म्यांना रुग्णालयात ठेवून शिरेतून औषध दिले, निम्म्यांना एक इंजेक्शन टोचून डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्यांसह घरी पाठविले. सुमारे तीन वर्षांनी पाहिले तो दोन्ही गटांतील ४२ टक्क्यांच्या आसपास स्त्रियांना गर्भ राहिलेला होता. दाह सौम्य वा मध्यम असेल तर खाटेवर पडून राहण्याची आवश्यकता नाही, हे ह्यावरून ठरले. खाटांची वाण असलेल्या कोणत्याही प्रदेशाला हे वरदानच. मात्र दोन्ही गटांतील सुमारे एक तृतीयांश स्त्रियांचे ओटीपोट पुढेही दुखतच राहिले, हा त्याच प्रयोगाचा दुसरा निष्कर्ष सहसा कोणी उद्धृत करीत नाही. औषध जंतू मारते. आधी पडलेला व्रण ते पुसू शकत नाही.

पिट्सबर्गमधूनच २०२१ साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सेफ्ट्रायॅक्झोनचे इंजेक्शन आणि चौदा दिवस डॉक्सिसायक्लिन ह्यांच्या जोडीला मेट्रोनिडाझोल द्यावे की न द्यावे, ह्याची परीक्षा २३३ स्त्रियांवर करण्यात आली. तिसऱ्या दिवशी दोन्ही गट सारखेच. महिन्यानंतर मात्र ज्यांना तिसरे औषध मिळाले त्यांच्यापैकी ९ टक्के स्त्रियांचे पोट तपासताना दुखत होते, इतरांपैकी २० टक्क्यांचे. त्याच वर्षी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने तिन्ही औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. चौदा दिवस तीन औषधे हे लिहिणे सोपे. मेट्रोनिडाझोलने तोंडाला धातूची चव येते, मळमळते, आणि पाचव्या दिवशी बरे वाटू लागले की उरलेल्या गोळ्या कपाटात जातात. त्या का संपवावयाच्या हे सांगायला डॉक्टरांनी दोन मिनिटे काढली, तर ती फुकट जाणार नाहीत.

आता आमच्याकडे वळू. डॉ. राणी व डॉ. अभय बंग ह्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये जो लेख प्रसिद्ध केला, त्याने जगाचे लक्ष वेधले. ९२ टक्के स्त्रियांत स्त्रीरोग आढळले, त्यांपैकी जवळजवळ निम्मे विकार जंतुसंसर्गाचे. आणि पूर्वी कधीतरी आतून तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. ह्यावरून औषधांची पाकिटे घरोघर वाटली की काम झाले, असे कोणास वाटेल. तेथेच आमच्या गोव्यातील संशोधन सावध करते.

‘संगाथ’ संस्थेचे डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हळदोणे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्षेत्रातील १८ ते ५० वयाच्या २,४९४ स्त्रियांची पाहणी केली. ती २००५ व २००६ साली प्रसिद्ध झाली. २८.३ टक्के स्त्रियांत जननमार्गाचा कोणता ना कोणता संसर्ग होता. पण लैंगिक संबंधातून येणारे रोग केवळ ४.२ टक्क्यांत. अंगावरून जाते अशी तक्रार १४.५ टक्के स्त्रियांनी केली, आणि ह्या तक्रारीचा संबंध जंतूंशी जेवढा आढळला त्याहून अधिक दृढ संबंध मनाच्या खिन्नतेशी, चिंतेशी आणि अंग मोडून येणाऱ्या इतर दुखण्यांशी आढळला. म्हणजे जिला जंतू आहेत ती बोलतेच असे नाही. आणि जी बोलते तिला जंतू आहेतच असेही नाही.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात, २००७ ते २०१२ ह्या काळात, लक्षणांवरून द्यावयाची रंगीत पाकिटे सरकारी दवाखान्यांत आली. अंगावरून जाण्यासाठी हिरवे, ओटीपोटातील दुखण्यासाठी पिवळे. जेथे प्रयोगशाळा नाही तेथे ही सोय उपयुक्त, हे आम्हांस मान्य आहे, आणि दाहाचा नुसता संशय आला तरी पिवळ्या पाकिटाची वाट अडवू नये. हिरव्याचे तसे नाही. खिन्न स्त्रीला जंतुनाशक गोळ्या देऊन निरोप देणे म्हणजे तिचे म्हणणे न ऐकणे होय. शिवाय ज्या औषधांची धार जपावयास हवी ती बोथट होते. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या वर्गातील औषधे परम्यावर निरुपयोगी ठरू लागल्याने अमेरिकेने २००७ सालीच ती त्या रोगासाठी वर्ज्य केली. आपल्या सरकारने सेफिक्झीम व सेफ्ट्रायॅक्झोन ‘एच-१’ अनुसूचीत घालून १ मार्च २०१४ पासून रुग्णाचे व डॉक्टरचे नाव नोंदवहीत लिहिण्याचे बंधन औषधविक्रेत्यांवर घातले. बाजारातील प्रत्येक दुकानात ती वही किती निष्ठेने भरली जाते, हे वाचकांनीच आपल्या अनुभवावरून ठरवावे.

गोव्यात काणकोणपासून पेडण्यापर्यंत असे एकही गाव नाही की जेथून तीन दिवसांत डॉक्टरपर्यंत पोहोचता येणार नाही. अंतर रस्त्याचे नाहीच. पुरुष डॉक्टरसमोर, अर्ध्या उघड्या दाराच्या खोलीत, रांगेतल्या बायका ऐकत असताना ‘काय होते?’ ह्या प्रश्नाला ‘अशक्तपणा’ एवढेच उत्तर मिळणार. म्हणून आरोग्य खात्याकडे आमची मागणी मोठ्या यंत्रांची नाही. प्रत्येक आरोग्य केंद्रात आठवड्यातील ठरलेल्या दिवशी स्त्री-डॉक्टर, कडी लागणारी खोली, स्राव काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा तंत्रज्ञ, आणि ‘नवऱ्याला घेऊन या’ असे लिहिलेली चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर किती नवरे आले, ह्याची नोंद महिन्याच्या अहवालात जावी.