जिवंत व मृत लसी

रोगजंतूंपासून तयार केल्या जाणाऱ्या लसींचे जिवंत व मृत असे दोन प्रमुख प्रकार आहेत.

जिवंत लसीतील जंतू दुर्बल केलेले असतात. ते शरीरात मर्यादित प्रमाणात वाढतात; त्यामुळे बहुधा थोड्या मात्रांतच टिकाऊ प्रतिकारशक्ती निर्माण होते. बीसीजी व गोवराची लस ही याची उदाहरणे होत. गर्भवतींना व प्रतिकारशक्ती फार क्षीण असलेल्यांना अशा लसी सहसा देत नाहीत.

मृत लसीतील जंतू उष्णतेने वा रसायनाने मारलेले असतात. ते वाढू शकत नसल्याने रोग होत नाही. मात्र बहुधा अधिक मात्रा लागतात. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगचे जंतू उष्णतेने मारून लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली.

पोलिओसाठी दोन्ही प्रकारच्या लसी आहेत. तोंडावाटे दिली जाणारी जिवंत लस आतड्यातही प्रतिकारशक्ती निर्माण करून विषाणूचा प्रसार रोखते; परंतु क्वचित लसीतील विषाणूच पुन्हा रोगकारक बनतो. टोचावयाच्या मृत लसीत हा धोका नाही. पण ती आतड्यातील संसर्ग तितकासा रोखत नाही. एकीची उणीव दुसरी भरून काढते; म्हणून भारताच्या लसीकरण कार्यक्रमात २०१५ च्या अखेरीपासून जिवंत लसीच्या जोडीला मृत लसही टप्प्याटप्प्याने समाविष्ट करण्यात आली.