शाळेचे दोन दिवस, आईचे तीन

‘हायब्रीड’ हा शब्द महाराष्ट्राच्या तोंडी बसला तो ज्वारीमुळे. उतारा भरघोस, पण भाकरीला जुनी गोडी नाही, अशी तक्रार त्या ज्वारीबद्दल घरोघर ऐकू येई. अमेरिकेत हाच शब्द आता शाळेला लागला आहे. ‘हायब्रीड होमस्कूल’ म्हणजे आठवड्यातले दोन किंवा तीन दिवस मुलाने शाळेत जावयाचे आणि उरलेल्या दिवशी तोच अभ्यास घरी, पालकांच्या देखरेखीखाली करावयाचा. या संकराचा उतारा किती आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे पाहण्याजोगे आहे.

शिक्षणाची दिशा ठरविण्याचा पालकांचा अधिकार तेथे जुना आहे. सर्व मुलांना सरकारी शाळेतच पाठविण्याची सक्ती करणारा ओरेगॉन राज्याचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९२५ साली रद्द ठरविला. पुढे जॉन होल्ट या शिक्षकाने, शाळा सुधारण्याची आशा सोडून, १९७७ साली घरी शिकणाऱ्या मुलांसाठी एक नियतकालिकच सुरू केले. परंतु ध्येयवाद कितीही प्रामाणिक असला तरी तिसरीचे गणित शिकविणे निराळे आणि दहावीचे रसायनशास्त्र शिकविणे निराळे. प्रयोगशाळा घरात नसते, वादविवादाला प्रतिपक्ष नसतो, आणि अनेक घरी शिकविणाऱ्या आईला दोन घटकांची उसंतही नसते. या अडचणीतूनच मधला मार्ग निघाला. टेक्सासमधील आर्लिंग्टन येथे १९९३ साली सुरू झालेली ‘ग्रेस प्रिपरेटरी अकॅडमी’ ही या पद्धतीच्या आरंभीच्या शाळांपैकी एक. महाविद्यालयातल्यासारखे ठरावीक वारी तास आणि इतर दिवशी स्वाध्याय, हा तिचा आराखडा. योगायोग असा की, घरी चालणारी शाळा ही कायद्याने खासगी शाळाच होय, हा टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ सालचा निकाल ज्या खटल्यात लागला, त्यात प्रतिवादी म्हणून याच आर्लिंग्टनचे शालेय प्रशासन उभे होते.

प्रत्यक्षात हे चालते कसे? लहान वर्गांची मुले बहुधा मंगळवारी आणि गुरुवारी शाळेत जातात, मोठी तीन दिवस. शिक्षक नवा धडा शाळेत शिकवितो आणि घरच्या दिवसांसाठी लेखी आखणी देतो: कोणती पाने वाचावयाची, कोणती उदाहरणे सोडवावयाची, काय पाठ करावयाचे. सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी ती आखणी हाती घेऊन आई मुलाशेजारी बसते. येथे ती केवळ गृहपाठावर सही करणारी पालक नसते. शिक्षकाची सहकारी असते. मूल मोठे होईल तशी तिने मागे सरकावयाचे, प्रथम शिकवावयाचे, मग नुसते पाहावयाचे, आणि शेवटच्या वर्गांत मुलाने स्वतःचा दिवस स्वतः आखावयाचा, अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा फार मोलाची आहे. घंटेवाचून कामाला बसण्याची सवय आपल्या पदवीधरांनाही क्वचितच असते. शिवाय मुलाला भागाकार येत नाही हे आईला गुणपत्रिकेवरून सहा महिन्यांनी नव्हे, त्याच दुपारी कळते.

या पद्धतीचा सारा भार त्या लेखी आखणीवर असतो. ‘प्रकरण चार वाचा’ एवढेच लिहून पाठविणारा शिक्षक आईला अंधारात सोडतो. चांगली आखणी मूल कोठे अडखळेल हेही सांगते. दुसऱ्याने शिकवावयाचा धडा आधी कागदावर शिकवून ठेवणे हे कौशल्य निराळे आहे, आणि ज्या शाळांना ते साधत नाही त्यांच्याकडील घरचे दिवस नुसते गृहपाठाचे दिवस होतात.

आता किमतीकडे वळू. पाच दिवसांच्या खासगी शाळेपेक्षा या शाळांचे शुल्क साधारणपणे बरेच कमी असते. अनेक शाळा आठवड्यात रिकाम्या असणाऱ्या चर्चच्या खोल्यांत भरतात. दोन-तीन दिवस शिकविणाऱ्या शिक्षकाला पूर्ण वेतन द्यावे लागत नाही. पण मुख्य बचत होते ती निम्मे अध्यापन घराकडे सोपविल्याने, आणि त्या अध्यापनाचे वेतन कोणीच देत नाही. घरात एक प्रौढ माणूस दिवसा मोकळे असले तरच हा हिशेब जमतो, आणि ते माणूस बहुधा आईच असते. तिने सोडलेली नोकरी, तिचे थांबलेले निवृत्तिवेतन शुल्काच्या तक्त्यात दिसत नाही. आई आणि बाप दोघेही कामावर जाणाऱ्या, किंवा एकट्या आईने चालविलेल्या घराला ही ‘स्वस्त’ शाळा सर्वांत महाग पडेल.

दुसरा प्रश्न उत्तरदायित्वाचा. मूल मागे पडले तर विचारावयाचे कोणाला? काही ठिकाणी ही संस्था खासगी शाळा म्हणूनच गणली जाते. अन्यत्र मूल कायद्याने घरीच शिकत असते आणि संस्था ही केवळ शिकवणी ठरते. न्यूयॉर्क राज्यात पालकाने वार्षिक आराखडा, तिमाही अहवाल आणि प्राथमिक वर्गांसाठी ९०० तासांचा हिशेब द्यावा लागतो. टेक्सासमध्ये नोंदणीही नाही आणि परीक्षाही नाही. २०२०च्या वसंतात शाळकरी मुले असलेल्या अमेरिकन कुटुंबांपैकी ५.४ टक्के कुटुंबे घरी शिकवीत होती, ती त्याच वर्षीच्या शरदात ११.१ टक्के झाली, असे तेथील जनगणना खात्याच्या पाहणीत आढळले. महासाथ हे त्याचे कारण होते. त्यानंतर ॲरिझोनाने २०२२ साली सर्वच मुलांसाठी अशा शिक्षणाकरिता सरकारी पैसा खुला केला. सार्वजनिक पैसा ज्या घरात जातो तेथे हिशेब मागणेही ओघाने आलेच. परंतु हिशेबाची कटकट नको म्हणून तर पुष्कळांनी शाळा सोडली होती!

तेथील मराठी मंडळींना ही वाटणी अपरिचित नसावी. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली सुट्टीच्या दिवशी भरणाऱ्या मराठी शाळा याच तत्त्वावर उभ्या आहेत. वर्गात तास-दोन तास आणि बाकी सारे घरच्या बोलण्यावर. घरी मराठी बंद पडली की त्या तासाचा उपयोग किती उरतो, हे त्या शिक्षिकांनाच विचारावे.

आपल्याकडे काय? २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या पाल्याला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य ठरविले. घरी शिकणाऱ्या मुलाची स्वतंत्र व्यवस्था त्यात नाही. पुढे दहावीसाठी मात्र सतरा नंबरचा फॉर्म आहे. तो भरणारी मुले हौसेने घरी राहिलेली क्वचितच असतात. कोणी गॅरेजमध्ये कामाला असतो, कोणी धाकट्या भावंडांपायी शाळेतून निघालेली असते. त्यांच्या घरी आखणी हाती घेऊन शेजारी बसणारे कोणी नसते. संपर्क केंद्राची शाळा त्यांचा अर्ज घेते, परीक्षेला बसू देते. आठवड्यातले दोन दिवस वर्गात बसून शिकण्याची सोय खरोखर कोणाला हवी असेल, तर ती यांना. आणि सतरा नंबरच्या फॉर्मात परीक्षेचे शुल्क भरावयाचे असते. शिकविण्याच्या तासांचा त्यात रकाना नाही.