दंतरोपणाचे आयुष्य आणि आपल्या रोजच्या सवयी

इम्प्लांट किती वर्षे टिकेल, हा प्रश्न रुग्ण व त्यांचे नातेवाईक बहुधा पहिल्याच भेटीत विचारतात. तो रास्त आहे. एका इम्प्लांटचा खर्च सर्वसामान्य कुटुंबास जड जातो. आणि जेथे हा खर्च देणगीतून भागविला जातो, तेथे देणगीदारांनाही तो विचारण्याचा तितकाच अधिकार आहे. उत्तर मात्र शस्त्रक्रियेच्या टेबलापेक्षा घरातील बेसिनपाशी अधिक ठरते.

टायटॅनियम हा धातू जिवंत हाडाशी एकजीव होतो, हे स्वीडनमधील डॉ. पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशांवरील प्रयोगांत आढळले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात या धातूचे इम्प्लांट बसविले. २००६ मध्ये त्या गृहस्थांचे निधन झाले, तोवर ते काम देत होते. आज दहा वर्षांनंतर शंभरातील नव्वदहून अधिक इम्प्लांट जागेवर असतात, असे निरनिराळ्या पाहण्या सांगतात. परंतु जागेवर असणे आणि निरोगी असणे यांत अंतर आहे.

धातूचा दात किडत नाही, म्हणून त्याची काळजी नको, असा समज सर्रास आढळतो. दात किडत नाही हे खरे. पण ज्या हिरडीतून तो वर येतो आणि ज्या हाडात तो रोवलेला असतो, ती आपलीच असतात. नैसर्गिक दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचे एक नाजूक अस्तर असते. ते चावण्याचा भार झेलते आणि काही बिघडल्यास सूचनाही देते. इम्प्लांटभोवती हे अस्तर नसते. कडेला अन्नाचा व जंतूंचा थर साचला की प्रथम हिरडी सुजते, ब्रश करताना रक्त येते. या टप्प्यावर नीट स्वच्छता केल्यास हिरडी पूर्ववत होऊ शकते. दुर्लक्ष झाल्यास हाड झिजू लागते, आणि झिजलेले हाड पूर्णपणे परत मिळविणे अवघड असते. हे सारे बहुधा न दुखता घडते. दुखत नाही म्हणून न आलेला रुग्ण जेव्हा येतो, तेव्हा इम्प्लांट हलू लागलेले असते.

म्हणूनच दिवसातून दोनदा, विशेषतः रात्री झोपण्यापूर्वी, मऊ ब्रशने हिरडीच्या कडेशी स्वच्छता करावी. दोन दातांमधील जागेसाठी लहान गोल ब्रश मिळतो. तो कोणत्या मापाचा घ्यावा हे दंतवैद्यांकडून समजून घ्यावे. टाचणी वा सेफ्टी पिनने दात कोरण्याची सवय सोडावी. मिठाच्या गुळण्यांनी बरे वाटते, पण चिकटलेला थर त्याने निघत नाही. ज्यांचे हात संधिवाताने वा पक्षाघाताने चालत नाहीत, त्यांच्या दातांची स्वच्छता घरच्यांनीच करावयास हवी. औषधे वेळेवर देणाऱ्या घरांतही हे काम राहून जाते.

तंबाखूविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. धूम्रपानामुळे हिरडीचा रक्तपुरवठा मंदावतो, जखम भरण्यास वेळ लागतो आणि इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो. आपल्याकडे याच्या जोडीला तंबाखू-चुना व मशेरी आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली; मशेरी मात्र तव्यावर भाजून घरीच तयार होते. अनेक भगिनी तिला व्यसन न मानता दात घासण्याचाच प्रकार मानतात, आणि ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देतात. तंबाखू थेट हिरडीवर दिवसातून अनेकदा चोळली जाते, हे ध्यानात घेता आमच्या मते मशेरीविषयी रुग्णास वेगळे व स्पष्ट विचारले गेले पाहिजे. इम्प्लांट हाडाशी जुळून येण्यास साधारण तीन ते सहा महिने लागतात. निदान तेवढा काळ तरी तंबाखू पूर्ण बंद असावी, आणि एकदा सुटली की पुन्हा धरू नये.

मधुमेह असला म्हणजे इम्प्लांट बसविताच येत नाही, असे नाही. साखर ताब्यात असलेल्या रुग्णांत ते चांगले टिकते. अनियंत्रित साखरेत जंतुसंसर्ग बळावतो. हाडे ठिसूळ होण्यावरील औषधे चालू असल्यास तेही आधी सांगावे.

सुपारी फोडणे, ऊस सोलणे, दातांनी बाटलीचे झाकण उघडणे यांमुळे वरची टोपी तडकते किंवा आतील स्क्रू सैल होतो. झोपेत दात खाण्याचा परिणामही तोच. लहान मुलांत या सवयीचा दोष जंतांना दिला जातो, मोठ्यांत तिकडे कोणी लक्षच देत नाही. शेजारी झोपणाऱ्या माणसाने आवाज ऐकला असल्यास तसे दंतवैद्यांना सांगावे. रात्री लावण्याची प्लास्टिकची पट्टी यावर उपयोगी पडते.

विश्वस्त व देणगीदारांपुढे एक विचार ठेवावासा वाटतो. इम्प्लांटसाठी दिलेली देणगी डोळ्यांना दिसते. सहा महिन्यांनी होणाऱ्या तपासणीसाठी व सफाईसाठी दिलेली दिसत नाही. तरीही परगावाहून येणारा रुग्ण एस.टी.च्या भाड्यापायी तपासणी चुकवितो, तेव्हा आधीचा सारा खर्च धोक्यात येतो. दंतरोपणाच्या प्रत्येक मदतीत पुढील काही वर्षांच्या तपासण्यांची व प्रवासाची तरतूद प्रारंभीच धरली जावी, असे आम्हास वाटते.

तपासणीस येताना रुग्णांनी आपला ब्रश सोबत आणावा. तो कसा झिजला आहे यावरून घासण्याची पद्धत पुष्कळशी कळते.