जवसाच्या चटणीची परीक्षा

नववीच्या वर्गात फळ्यावर आरशाची आकृती काढत होते. अचानक छातीतून वाफ उसळली आणि मान, कानशिलं, चेहरा पेटल्यासारखा झाला. ब्लाउज पाठीला चिकटला. तीन-चार मिनिटांत सगळं ओसरलं आणि अंगावर थंडीचा काटा आला. तेव्हा मी 48 वर्षांची होते. चार महिने पाळी आली नव्हती.

घरी सांगितलं तशी सासूबाईंनी जवसाचा डबा काढला. आमच्या वऱ्हाडात तो घरोघरी असतोच. लोखंडी कढईत मंद आचेवर जवस तडतडेपर्यंत भाजले, लसूण, सुक्या मिरच्या, जिरं आणि मीठ घालून खलबत्त्यात जाडसर कुटले. म्हणाल्या, "रोज खात जाय, वाफा कमी होतीन."

दीड महिन्यात वाफा खरंच कमी झाल्या. शाळेतल्या सगळ्या मैत्रिणींना मी जवस खायला सांगत सुटले. पण मी विज्ञान शिकवते. चटणी खाल्ली नसती तर काय झालं असतं, हे मी स्वतःला विचारायला हवं होतं.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी नेमकं तेच तपासलं. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या छोट्या प्रयोगात 29 स्त्रियांनी सहा आठवडे रोज 40 ग्रॅम कुटलेले जवस खाल्ले. वाफा जवळपास निम्म्यावर आल्या. मात्र जवस न खाणारा गट तुलनेला नव्हता. म्हणून पुढच्या प्रयोगात 188 स्त्रिया घेतल्या. काहींना जवसाची वडी दिली, बाकीच्यांना जवस नसलेली. आपल्याला कोणती मिळाली, हे त्यांना सांगितलं नव्हतं. 2012 साली निकाल प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांत एक तृतीयांशाहून थोड्या जास्त स्त्रियांचा त्रास निम्म्यानं घटला होता. जवसाचा वेगळा असा गुण दिसला नाही.

मग बरं कशानं वाटलं? इस्ट्रोजेन घटलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं. अंग जरा तापलं तरी ते कातडीच्या रक्तवाहिन्या रुंदावतं, घाम सोडतं. हा त्रास आपोआप चढतो, उतरतो. त्रास शिगेला पोचला की आपण उपाय सुरू करतो, आणि उतार पडला की श्रेय उपायाला जातं. शिवाय कुणीतरी आपली काळजी घेतंय, आता बरं वाटेल, या भरवशाचाही परिणाम होतोच. जवसातल्या लिग्नान या घटकांपासून आतड्यातले जिवाणू इस्ट्रोजेनसारखे पदार्थ तयार करतात, पण त्यांचा जोर फार कमी असतो.

शतावरी आणि अश्वगंधा तर या त्रासावर आपल्याकडे हमखास सुचवल्या जातात. अश्वगंधेवर 91 स्त्रियांचा आठ आठवड्यांचा प्रयोग झाला. त्यात खोट्या गोळीपेक्षा अश्वगंधेचा गुण जास्त दिसला. निकाल आशादायक आहे, पण एवढ्या छोट्या प्रयोगावर वर्षभर गोळ्या घेऊ नयेत. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि थायरॉइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अश्वगंधा घेऊच नये. शतावरीवरचे प्रयोग अजून थोडे आणि लहान आहेत. वनस्पती आहे म्हणजे अपाय नाही, ही समजूत सोडायला हवी.

वाफांवर सगळ्यात प्रभावी ठरलेला उपाय हार्मोनचा आहे. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेल्या असतील तर तो सहसा देत नाहीत. अशा स्त्रियांसाठी हार्मोन नसलेली औषधं आहेत, विचारांची सवय बदलणारं समुपदेशन आहे. आणि एक गोष्ट प्रत्येकीनं लक्षात ठेवावी: वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा रक्त दिसलं, डाग जरी पडला, तरी घरगुती उपाय करत बसू नये, लगेच तपासून घ्यावं.

हे सगळं मी सासूबाईंना सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, त्यांच्या वेळी त्या रात्री उठून अंगणात बसायच्या, ओला पदर मानेवर ठेवून. दोन वर्षं. घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

चटणी आमच्याकडे आजही होते. जवसात तंतू आहेत, चांगली स्निग्धता आहे, भाकरीशी चवदार लागते. पण नंतर मी डॉक्टरांकडे गेले तेव्हा सासूबाई सोबत आल्या, आणि त्या अंगणातल्या रात्रींबद्दल त्यांनी स्वतःहून डॉक्टरांना सांगितलं.