टिपणे कोणाची?

विद्यापीठात शिकवताना जी टिपणे, स्वाध्याय आणि प्रश्नसंच तयार होतात, ते प्रवेश घेतलेल्यांनाच द्यावे की मागेल त्याला, हा प्रश्न वरकरणी प्राध्यापक मंडळींचा वाटतो. आम्ही पडलो कामगारांच्या सभांत बोलणारे. परंतु या प्रश्नाच्या तळाशी श्रम आणि मालकी आहे, आणि ही जोडी आमच्या चांगल्या ओळखीची आहे.

आपले जळगावचे विद्यापीठ १९९० साली स्थापन झाले. २०१८ पासून त्याला बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. त्यांच्या ओव्या घरच्यांनी वहीत उतरवल्या आणि त्या निवर्तल्यानंतर, १९५२ साली, त्यांचे पुस्तक झाले. ती वही पेटीतच राहिली असती तर? धुळ्याचेही तसेच. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलले. श्रोते सारे कैदी आणि दाराला कुलूप. पण साने गुरुजींनी ती प्रवचने उतरवून घेतली म्हणून ‘गीता प्रवचने’ भिंतीबाहेर आली. ज्ञान बाहेर येते ते असे कोणीतरी बोटे झिजवतो म्हणून, आणि नेमका हाच माणूस हिशेबातून सुटतो.

कायदा काय म्हणतो पाहा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लिखाणाचा पहिला धनी, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. आता तासिका तत्त्वावरचा शिक्षक घ्या. त्याला पैसे मिळतात वर्गात घेतलेल्या तासांचे. टिपण काढण्यात घातलेली रात्र कोणत्या रकान्यात मांडायची? साहित्य खुले करा म्हणताना आधी त्याचे नाव आणि त्याचा मोबदला कागदावर यावा, असा आमचा आग्रह आहे. खुले म्हणजे फुकट राबवलेले नव्हे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने २००१ साली आपले अभ्याससाहित्य इंटरनेटवर सर्वांना मोकळे करण्याचे जाहीर केले. त्याआधी ते विकता येईल काय याचाही विचार तेथे झाला होता. त्यात नफ्याची खात्री दिसेना. प्राध्यापकांवर सक्ती केली नाही. परवान्याच्या अटी सरळ आहेत: मूळ कर्त्याचे नाव द्या, धंदा करू नका, फेरफार केलात तर तोही याच अटींवर खुला ठेवा. वाचणाऱ्याला पदवी मात्र मिळत नाही. वर्ग ओस पडतील असे म्हणणाऱ्यांना एवढे उत्तर पुरे. टिपण म्हणजे शिकवणे नव्हे, हे शिक्षकांना आम्ही काय सांगावे!

एक अडचण मात्र खरी आहे. टिपणांत दुसऱ्यांच्या ग्रंथांतील आकृत्या आणि उतारे असतात. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्सच्या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज वगैरे प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला. अभ्यासासाठी पुस्तकांतील पाने एकत्र करून देणे शिक्षणाच्या सवलतीत बसते, असे उच्च न्यायालयाने २०१६ साली ठरवले. त्यावरून ती पाने साऱ्या जगापुढे मांडण्याची मुभा मिळाली असे कोणी समजू नये. खुल्या साहित्यातून उसना माल काढावा लागतो, किंवा धन्याची परवानगी घ्यावी लागते. हे वेळखाऊ काम आहे आणि त्यालाही माणूस लागतो.

शिक्षकाला आणखी एक भीती असते. तो ती बोलत नाही. चार भिंतींत झाकलेली चूक आता साऱ्या जिल्ह्याला दिसेल. दिसू द्यावी. बाजारातल्या गाइडांतील चुका पोरे पैसे देऊन पाठ करतातच.

सुरुवात कोठून करावी? आमच्या मते, बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांसाठी जे लिहिले जाते तेथून. ते मुळातच शिक्षकाशिवाय वाचता यावे म्हणून लिहिलेले असते. ते मराठीत असावे, वर लेखकाचे नाव असावे, आणि फाइली इतक्या लहान असाव्यात की धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात, जेथे फोनला जेमतेम रेंज मिळते, तेथेही रात्रपाळीहून आलेल्या माणसाला एक प्रकरण उतरवून घेता यावे.